वाचकांचे प्रश्न : वीस वर्षांनंतरचा कापूस आत्ता कोण ठरवतंय?

या महिन्यात कापसावर तीन पत्रं आली आणि तिन्ही पुण्यातूनच. पुण्याच्या आसपास पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, दिसत नाही, स्टेशनजवळची राजाबहादूर मिलही कधीच बंद झाली, तरी विदर्भ-मराठवाड्यातून इथे आलेल्या कितीतरी घरांचा अर्धा जीव अजून तिकडच्या काळ्या रानात अडकलेला असतो, माझाही आहे. म्हणून या वेळी सगळी जागा कापसालाच देते.

प्रश्न : नमस्कार ताई, मी वाकडला राहतो, आयटीत आहे, मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला. बाबांची अकरा एकर कोरडवाहू, त्यातल्या सात एकरात दरवर्षी कापूस. दिवाळीत घरी गेलो तर बाबा म्हणाले, आता कापसात काही राम राहिला नाही, पुढच्या साली सगळं सोयाबीनच टाकतो. मी ऑफिसात पाच-पाच वर्षांचं प्लॅनिंग करतो आणि आमच्या घरी पुढच्या जूनचं पण ठरलेलं नसतं. मध्ये वाचनात आलं की ऑस्ट्रेलियातल्या कापूसवाल्यांनी २०२९ सालापर्यंतचं चित्र वीसेक वर्षं आधीच बसून ठरवलं होतं. हे खरं आहे का, आपल्याकडे असं काही होऊ शकतं का, की कोरडवाहू माणसासाठी हे सगळं पुस्तकी आहे? आणि बाबांना काय सांगू?

उत्तर : दादा, खरं आहे. त्यांनी त्याला ‘व्हिजन २०२९’ नाव दिलं होतं. पण त्यांना ही बुद्धी सुखात असताना सुचलेली नाही हे आधी सांगते. त्यांच्या उत्तरेकडे ऑर्ड नदीच्या खोऱ्यात साठच्या दशकात कापूस सुरू झाला, आणि बोंडअळीला डीडीटी लागू पडेनाशी झाली तशा फवारण्या वाढत गेल्या, खर्च डोक्यावरून गेला आणि १९७४ मध्ये तिथला कापूस बंदच पडला, सबंध खोऱ्यातला. दुसरीकडे न्यू साउथ वेल्समध्ये १९६१ पासून जो कापूस उभा राहिला त्यालाही नव्वदच्या दशकात फवारणीवरून आजूबाजूच्या लोकांचा रोष सोसावा लागला. एकदा सगळं गेलेलं पाहिल्यावर माणसं एकत्र बसतात, तशी ती बसली.

आणि बसली म्हणजे नुसती भाषणं झाली नाहीत. तिथला शेतकरी दर गाठीमागे सव्वा दोन डॉलर संशोधनासाठी देतो, त्यांची गाठ २२७ किलोची असते, आपली १७० ची, आणि त्यात सरकार आपली भर घालतं. पैसा स्वतःच्या खिशातला असल्यामुळे संशोधन कशावर करायचं यात शेतकऱ्याचा शब्द चालतो. मला या सगळ्या कहाणीत हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. आपल्याकडे एकरी उत्पन्नाचा विषय निघाला की लगेच बियाण्याचं नाव पुढे येतं, आणि तिकडच्यांनी आधी वर्गणीचं ठरवलं!

दुसरी गोष्ट तुरीची, आणि ही मला फार लागते. बीटी कापसाच्या झाडातच बोंडअळीला मारणारं विष असतं, त्याची अळीला सवय होऊ नये म्हणून बाजूला थोडं बिगर-बीटी पीक ठेवायचं असतं, म्हणजे तिथल्या साध्या अळ्यांचे पतंग विषाला सरावलेल्या पतंगांशी जुळतात आणि ती सवय पुढच्या पिढीत पसरायला वेळ लागतो. ऑस्ट्रेलियात हे आश्रयाचं पीक म्हणून चक्क तूर लावतात, आपली तूर, आणि ती लावली की नाही याची तपासणी होते. हंगाम संपला की जमीन नांगरून मातीतले अळीचे कोष मोडायचे, तेही ठरलेल्या मुदतीत. आपल्याकडे ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटीचं छोटं पाकीट यायचं. माझ्या मामेभावाच्या गोठ्यात, वर्धा जिल्ह्यात, मी ती पाकिटं खुंटीला अडकवलेल्या पिशवीत तीन-तीन वर्षांची पडलेली पाहिली आहेत. मी विचारलं तर म्हणाला, शेजारच्यानं लावलं नाही तर मीच का चार ओळी कमी लावू. त्याचं चुकत नव्हतं, एकट्यानं लावून खरंच उपयोग नव्हता. आपल्याकडे बीटी आलं २००२ ला, दोन जनुकांचं २००६ ला, आणि २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं विदर्भ-मराठवाड्यात काय केलं ते तुमच्या घरानं पाहिलंच असेल, वरून त्याच वर्षी यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. बीटीत खोट होती की नव्हती हा वाद मी करत नाही, पण ते टिकवायची जबाबदारी कुणा एकाची नव्हती म्हणून ती कुणाचीच राहिली नाही.

आता आकड्यांचं बघू. आपल्या देशात हेक्टरी रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, निघते साडेचारशे किलोच्या आसपास, महाराष्ट्रात त्याहून कमी. ऑस्ट्रेलियात दोन हजार किलोच्या वर. आपल्या भाषेत बोलायचं तर आपला देश सरकीसकट एकरी पाच-साडेपाच क्विंटल कापसावर आणि ते वीसच्या पुढे. पण हे आकडे दाखवून बाबांना लाजवू नका, तिकडे बहुतेक रान ओलिताखाली, एकेका शेतकऱ्याकडे शेकडो हेक्टर, वेचणी सगळी मशीननं. आपल्या राज्यात ४० लाख हेक्टरच्या आसपास कापूस आणि त्यातला जवळपास सगळा पावसावर. त्यांचं पीक उचलून आपल्या रानात लावता येत नाही, त्यांची विचार करायची रीत मात्र घेता येते.

ती रीत अशी, की उद्या काय होईल हे एकच भविष्य सांगत बसायचं नाही, तीन-चार वेगवेगळे उद्या समोर मांडायचे आणि प्रत्येकात आपण कुठे असू ते बघायचं. एका उद्यात पॉलिस्टर आणखी स्वस्त झालंय. दुसऱ्यात जुलैमध्ये पंचवीस दिवस उघडीप आणि ऑक्टोबरमध्ये वेचणीच्या तोंडावर धो-धो पाऊस, हे तर आत्ताच व्हायला लागलंय. तिसऱ्यात वेचायला बाई मिळत नाही. चौथ्यात युरोप-अमेरिकेचा गिऱ्हाईक म्हणतो की हा धागा कुठल्या गावच्या कापसाचा ते दाखव मगच घेतो, आणि हे कल्पनेतलं नाही, २०२२ पासून अमेरिकेनं चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या मालाला दार लावलं तेव्हापासून कापूस कुठून आला हे विचारणं सुरूच झालंय.

यातलं एक धरून बघा, वेचणीचं. आज किलोमागे दहा रुपये जरी मजुरी धरली तरी क्विंटलला हजार रुपये झाले, आणि २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव आहे ८,११० रुपये, म्हणजे आठवा हिस्सा नुसता वेचणीत. आणि ही वेचणारी माणसं बहुतेक बायाच असतात, उन्हात वाकून, बोटं सोलवटून, त्यांच्या मुलींनी हे काम करावं असं त्यांना वाटत नाही आणि मलाही वाटत नाही. मग मशीन आणू म्हणावं तर मशीनला बुटकं, सारख्या उंचीचं, एकदम फुटणारं झाड लागतं, म्हणजे वाण वेगळा. तसं झाड हवं तर लागवड दाट लागते, म्हणजे बियाणं जास्त, आणि आपल्याकडे संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं, पाकिटाला नऊशे रुपये, तर दाट लागवड परवडायला सरळ वाणच बरे, त्यांचं बी घरी राखता येतं. मशीननं वेचलेल्या कापसात पालापाचोळा जास्त येतो, म्हणजे जिनिंगला, जिथे कापसातली सरकी काढतात तिथे, आधी सफाईची यंत्रं बसवावी लागणार, आणि जिनिंगवाला ती तेव्हाच बसवेल जेव्हा त्याला पाच-सात वर्षं असा माल येणार याची खात्री असेल. एक कडी हलवली की सगळी साखळी हलते. आणि नवीन वाण तयार व्हायलाच आठ-दहा वर्षं लागतात, म्हणजे २०३५ ला बाबांच्या रानात जे झाड असणार त्याची निवड आज नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत, अकोला-परभणीच्या कृषी विद्यापीठांत आणि कंपन्यांच्या प्लॉटवर चालू आहे. तिथे वेचणारी बाई, जिनिंगवाला आणि सूतगिरणीवाला एकत्र बसून काही बोलले असतील तर उपयोग, नाहीतर आपली कापूसकोंड्याची गोष्ट चालूच राहील.

आपल्याकडे योजना झाल्या नाहीत असं नाही. १९७२ ला राज्यात कापूस एकाधिकार खरेदी आली, हेतू चांगला होता, शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवायचं, पण सगळा जोर भावावर राहिला, उत्पन्न आणि प्रतीचा विचार मागे पडला आणि तोटा वाढत जाऊन ती मोडली. २००० साली कापसाचं तंत्रज्ञान मिशन आलं, त्यात बाजार समित्यांची आवारं आणि जिनिंग बऱ्यापैकी सुधारली, ते काम मी चांगलंच म्हणेन. आता फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये पुन्हा पाच वर्षांचं कापूस उत्पादकता मिशन जाहीर झालं. माझी हरकत त्या पाच वर्षांना आहे, वाण निघायच्या आत मिशन संपतं. आणि बाहेरच्या कापसावर २०२१ ला ११ टक्के आयात शुल्क लावलं, २०२२ ला काही महिने काढलं, परत लावलं, ऑगस्ट २०२५ मध्ये त्या डिसेंबरअखेरपर्यंत परत काढलं. गिरणीवाल्याचीही अडचण असते, अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के कर लावला तेव्हा त्याला स्वस्त कापूस हवा होता हे मला समजतं, पण बाबांनी जूनमध्ये कापूस टोबला तेव्हा शुल्क होतं आणि पहिल्या वेचणीला नव्हतं. अशानं माणूस वीस वर्षांचं काय, वीस आठवड्यांचं पण ठरवू शकत नाही. शुल्क कधी लागेल आणि कधी निघेल याचा नियम आधी लिहून ठेवला तर निदान पेरताना कळेल तरी.

आता बाबांचं. सगळं सोयाबीन टाकू नका असं मी सांगेन. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात त्याच्या बरंच खाली विकलं गेलं हे गावात सगळ्यांना आठवत असेल. सात एकरातली जी हलकी-मध्यम जमीन आहे तिथे एक-दोन एकर दाट लागवड करून बघा, ९० बाय १५ सेंटिमीटर, म्हणजे एकरी साधारण ३० हजार झाडं, नेहमीच्या ९० बाय ६० ला सातेक हजार बसतात. झाडाला बोंडं कमी लागतात पण सगळी लवकर आणि एकदम फुटतात. भारी काळ्या जमिनीत हे करू नका, झाडं माजतात, आणि हलक्यातही वाढ रोखायची फवारणी वेळेवर करावी लागते, कृषी विद्यापीठाच्या माणसाला विचारूनच करा. तुरीच्या ओळी ठेवा. आणि काहीही झालं तरी फरदड नको, म्हणजे वेचणी संपल्यावर पऱ्हाटी पुढे राखून आणखी कापूस घ्यायचा नाही, डिसेंबरच्या शेवटी रान मोकळं करायचं, पऱ्हाटी बांधावर रचून ठेवायची नाही, गुलाबी अळी त्या वाळक्या बोंडांतच बसून जूनची वाट बघते. जानेवारीतल्या त्या दोन-तीन क्विंटलचा मोह सुटत नाही हे मला माहीत आहे, आमच्याकडेही सुटत नव्हता.

आणि तुमच्यासाठी एक काम. तुम्ही प्रोजेक्ट चालवता ना, मग गावातल्या वीस-पंचवीस जणांना एकाच वाणावर आणि एकाच तारखेला रान मोकळं करण्यावर राजी करा. एकाच गावात पंधरा कंपन्यांचे पंधरा वाण असले की धागा एकसारखा येत नाही, आणि जिनिंगवाला सगळ्यात खालच्या मालाचा भाव सगळ्यांना लावतो. पंचवीस जणांचा एकसारखा माल असला तर त्याच्याशी गाठीच्या हिशोबानं बोलता येतं. याला सरकारची परवानगी लागत नाही, फक्त दोन-चार वर्षं सुट्ट्या गावात घालवाव्या लागतील.

प्रश्न : ताई, माझं सिंहगड रोडला लहान मुलांच्या कपड्यांचं छोटं युनिट आहे, झबली, टोपडी, दुपटी, चार शिलाई मशीन. कापड रविवार पेठेतून आणते. दर तीन महिन्यांनी भाव वेगळा, आणि ‘प्युअर कॉटन’ म्हणून दिलेलं कधी कधी मिक्स निघतं. पुढची पाच-दहा वर्षं कॉटनवरच राहू की हळूहळू मिक्सकडे जाऊ?

उत्तर : बाळाच्या अंगाला लागणारं तुम्ही शिवता, तर माझं मत स्पष्ट आहे, कॉटनवरच राहा. जगात आता सगळ्या धाग्यांत कापूस साधारण पाचवा हिस्साच उरलाय, निम्म्याच्या वर पॉलिस्टर आहे, भावाच्या शर्यतीत तुम्ही पॉलिस्टरला कधीच गाठू शकणार नाही. म्हणून त्या शर्यतीत उतरायचंच कशाला.

अमेरिकेतल्या कापूस उत्पादकांवर हीच वेळ साठच्या दशकात आली होती, कृत्रिम धागा बाजार खात होता. १९६६ ला कायदा करून त्यांनी दर गाठीमागे पैसे गोळा करायला सुरुवात केली, १९७० ला त्यातून स्वतःची संस्था काढली आणि १९७३ मध्ये कापसाच्या बोंडाचं ते प्रसिद्ध चिन्ह आणलं, जे कपड्यावर दिसलं की गिऱ्हाईक निवांत होतं. आपल्याकडे ‘कस्तुरी कॉटन’ हे नाव २०२० मध्ये आलं, त्यात गाठीवरच्या क्यूआर कोडवरून कापूस कुठला ते कळतं. तुमच्यासारख्या चार मशीनच्या युनिटपर्यंत ते अजून पोचलेलं नाही आणि मला वाटतं खरं काम इथेच आहे, मोठ्या एक्स्पोर्टरला तर कुणीही सर्टिफिकेट देईल.

भाव का हलतो तर आपलं कापड फार फिरून येतं. यवतमाळचा कापूस तिथेच जिनिंग होऊन पुष्कळदा तमिळनाडूत नाहीतर गुजरातमध्ये सूत व्हायला जातो, सूत इचलकरंजी-भिवंडीला विणायला येतं, रंगाई-छपाईला परत बाहेर, मग रविवार पेठ. प्रत्येक टप्प्याला भाडं आणि दलाली. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात राज्यातल्या कापसावर इथेच प्रक्रिया व्हायचं प्रमाण ३० वरून ८० टक्क्यांवर न्यायचं म्हटलंय, अमरावतीला केंद्राच्या पीएम मित्र या वस्त्रोद्योग पार्कचं भूमिपूजनही सप्टेंबर २०२४ ला झालं. हे उभं राहिलं तर तुमच्या मीटरमागे फरक पडेल, पण पाच वर्षांत ८० टक्के हे मला अवघड दिसतं.

तोवर एक करा, व्यापारी एक-दोनच ठेवा आणि वर्षाची अंदाजे मागणी त्यांना आधी सांगा, लहान गिऱ्हाईकालाही त्यानं भाव थोडा बांधून मिळतो. आणि मिक्सची शंका आली तर कापडाचे उभे-आडवे दोन्ही धागे काढून चिमट्यात धरून पेटवा, कापूस कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. दोन्ही दिशांचे धागे बघायचे, कारण ताणा कापसाचा आणि बाणा दुसरा असं असतं. दुपट्यांसाठी देशी कापसाचं जाडसर कापड मिळालं तर जरूर बघा, आखूड धागा असतो, पाणी छान शोषतो. स्वातंत्र्याच्या वेळी देशातला बहुतेक कापूस देशीच होता, मग अमेरिकन वाणांनी आणि १९७० नंतर संकरितांनी त्याला बाजूला सारलं. परभणीच्या विद्यापीठानं देशीचेही लांब धाग्याचे वाण काढलेत, रस शोषणाऱ्या किडी आणि ताण ते जास्त सोसतात. माझी फार इच्छा आहे की पुढच्या वीस वर्षांच्या चित्रात कोरडवाहूसाठी देशीला नीट जागा असावी, आणि ती जागा तुमच्यासारख्यांच्या मागणीनंच होईल.

प्रश्न : मॅडम, आम्ही शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातले चार जण एका कापूस तालुक्याचा पंधरा वर्षांचा आराखडा प्रोजेक्ट म्हणून करतोय. सॅटेलाइट डेटा, पावसाचे आकडे मिळालेत. अजून काय लागेल?

उत्तर : मुलांनो, आकडे मिळालेत ते छान, आता रिक्षा करून जिनिंगवर जा. तिथल्या वजनकाट्याच्या पावत्यांवर कुठल्या गावचा माल कुठल्या महिन्यात येतो आणि ओलावा किती भरतो ते कळतं, हमीभावानं खरेदी करणारं भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, ८ टक्क्यांच्या वर ओलाव्याला पैसे कापतं आणि १२ च्या वर घेतच नाही, तेव्हा शेतकऱ्याला हमीभाव प्रत्यक्षात का मिळत नाही याचं अर्धं उत्तर त्या पावत्यांत असतं. गंजीतून निघालेला कचरा बघा, प्लास्टिकच्या गोणीचे धागे, केस, पुड्यांचे तुकडे, आणि हे सगळं वेचणीच्या वेळी कापडी झोळी दिली तर टळतं का ते वेचणाऱ्या बायांनाच विचारा. आराखड्यात त्यांचं मत असलंच पाहिजे, वेचणी त्याच करतात आणि मीटिंगला त्यांना कुणी बोलवत नाही.

मग कृषी केंद्राच्या दुकानदाराकडे बसा, एका तालुक्यात किती वाण विकले जातात ते तो तोंडपाठ सांगेल. बंदी असलेलं तणनाशक-सहनशील बियाणं किती येतं हे तो सांगणार नाही, पण शेतात निंदणाऱ्या बाया न दिसता रान साफ दिसलं की तुम्हाला समजेल. आणि सरकीचा भाव विसरू नका, क्विंटलभर कापसात रुई ३४-३५ किलोच निघते, बाकी बहुतेक सरकी, तेल आणि ढेपेचा बाजार पडला की कापसाचा भावही पडतो, आणि आराखडे करणारे सगळे नुसत्या रुईकडे बघतात.

जिनिंगवर डिसेंबर-जानेवारीतच जा, एप्रिलमध्ये गेलात तर गेटला कुलूप असेल.